मुस्कानच्या टेबलावरच्या अळ्या

दिग्रसहून येणाऱ्या बसमध्ये माझ्या मांडीवर डबा होता. शेजारी बसलेला तरुण सारखा त्याच्याकडेच बघत होता.

"भजे हायेत का?" त्याने शेवटी विचारलंच.

मी झाकण उघडलं. आत कपाशीच्या बोंडांतून काढलेल्या गुलाबी अळ्या वळवळत होत्या. तो जो खिडकीला चिकटला, तो यवतमाळ येईपर्यंत... आणि दुसऱ्या दिवशी तोच आमच्या संशोधन केंद्रात नवा आकडेतज्ज्ञ म्हणून हजर! नाव नयन. मला पाहून असा हसला, की माझ्या हातातला चिमटाच निसटला.

काम साधं होतं. काही अळ्यांना निंबोळीचा अर्क, काहींना नुसतं पाणी. कोणती अळी किती दिवस जगते, हे मी आणि सोबत काम करणारी मुस्कान आपापल्या टेबलावर बघायचो. ते दिवस अर्कामुळे घटतात की दुसऱ्याच कशामुळे, याची टेस्ट नयन कॉम्प्युटरवर लावायचा.

पहिली टेस्ट झाली आणि स्वारी मुस्कानच्या टेबलाला चिकटली. सकाळी तिथे, दुपारी तिथे. तिच्याशी कुजबुज, तिच्यासोबत चहा. माझ्याकडे फक्त चोरटी नजर, तीही लगेच खाली. माझा नुसता जळफळाट! मुस्कान माझी मैत्रीण, पण तेव्हा तिची ओढणीसुद्धा मला बघवत नव्हती. रविवारी ढाणकीचे लोक मला बघायला येणार होते. रागाच्या भरात ठरवून टाकलं — हो म्हणायचं.

शुक्रवारी मात्र राहवलं नाही.

"काहून जी, त्या टेबलाले डिंक लावला हाये का?"

तो गडबडला. "तिच्या अळ्या लवकर मरून राह्यल्या. अर्क असो का पाणी. टेस्ट म्हणते, जगणं अर्कापेक्षा टेबलावर ठरते. काहून, तेच शोधून राह्यलो होतो."

"मंग, सापडलं?"

"आज सापडलं. मुस्कान डबीतून पळालेली अळी मेली म्हणून मोजते. पळाली ते मेली कशी? त्या दिवसापर्यंत जित्ती होती, एवढंच म्हणता येते."

मुस्कानने तिकडून जीभ चावली. माझा राग अजून धुमसतच होता.

"अन् माह्या टेबलावर कायले नाही आले?"

"पहिल्या दिवशी आलो होतो ना..." त्याचे कान लाल झाले. "तुह्याजवळ बसलो का मोजणंच चुकते. तू आवडते मले, सोनू. पण चहा पेता पेता मुस्कानले तुह्याबद्दल विचारलं, तर ढाणकीचं समजलं... मंग तोंडच उघडलं नाही."

मी तिथल्या तिथे आईला फोन लावला.

"आई, ढाणकीवाल्यायले येऊ नका म्हण."

"काहून? आता का झालं?"

मी फोन नयनच्या हातात कोंबला.

"काकू..." त्याने फोन कानाला लावला. "मी नयन, सोनूच्या ऑफिसातला. रविवारी... माह्या आईले घेऊन आलो तं चालन का?"

आई म्हणाली, "येजो बाबू. पण ढाणकीवाल्यायच्या आधी येजो."