नडगीतला तुकडा

शिंपीकाकांच्या पँटला उजव्या नडगीवर एक झडप होती. तीन बटणांची, कापडात कापड मिसळून गेलेली. बटणं काढली की आतल्या जखमेवरची पट्टी बदलता यायची.

"पन्नास वर्षं झाली, प्रत्येक पँटला हे शिवतोच," ते जरा ऐटीत म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. पुवाच्या वासाची त्यांना सवय झाली होती, हल्ली येणाऱ्या तापाची नव्हती.

मी हाडांची सर्जन आहे. असे रुग्ण मला नवे नाहीत. हाड मोडून कातडीबाहेर येतं, जंतू शिरतात, एखादा तुकडा रक्ताअभावी मरतो. त्याच्याभोवती नवं हाड भिंत घालतं. औषध रक्तातून जातं, आणि मेलेल्या तुकड्यात रक्तच पोचत नाही. जंतू तिथे वर्षानुवर्षं बिनबोभाट राहतात. जखम मिटते, पुन्हा फुटते. तुकडा काढल्याशिवाय सुटका नाही.

"पाय मोडला कसा?" मी विचारलं.

"भिंत पडली. मी नऊ वर्षांचा होतो, ताई अकराची. तिनं मला ढकललं म्हणून पायावरच निभावलं." ते एकेक बटण सावकाश लावत होते. "ती आतच राहिली."

एक्स-रेत तुकडा स्पष्ट दिसत होता, झिजलेल्या पेन्सिलीएवढा. दोन आठवडे जंतूंवरच्या गोळ्या बंद ठेवल्या, म्हणजे तपासणीत जंतू नीट सापडतील. मग शस्त्रक्रिया केली. मेलेलं हाड पांढरट आणि कोरडं असतं. हा तुकडा चिमट्यात धरला तेव्हा त्यातून रक्त आलं.

मी तो तपासणीच्या डबीत टाकला. पोकळी खरवडली आणि औषध मिसळलेल्या सिमेंटच्या मण्यांची माळ आत भरली.

चौथ्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीचा फोन आला.

"डबी बदलली का गं?"

"नाही. लेबल मीच लावलंय."

"मग ऐक. जंतू आहेत, नेहमीचेच. पण हे हाड मेलेलं नाहीये. आणि साठीच्या माणसाचं तर नाहीच नाही. टोकाला वाढीची कूर्चा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं हाड आहे हे."

कुठेतरी घोळ झाला असणार, असं मी म्हटलं.

सहा आठवडे शिरेतून औषध दिलं. माळ काढण्याआधी पुन्हा एक्स-रे सांगितला. एरवी चित्र संगणकावर येतं. त्या दिवशी तंत्रज्ञ स्वतः फिल्म घेऊन आला.

"मॅडम, माळ तुम्ही अशी घातली होती?"

पोकळीत नवा तुकडा होता, आधीच्यापेक्षा बोटभर लांब. माळ मी कशीबशी कोंबली होती. आता ती तुकड्याभोवती दोन नीटस वेढे घेऊन बसली होती, मनगटात घालावी तशी.

तोही तुकडा मी माळेसकट काढला. मैत्रिणीनं फोनवर एवढंच सांगितलं, "पंधरा-सोळा वर्षांचं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर ताप हटेना. विष रक्तात उतरलं, मूत्रपिंडं कुरकुरू लागली. गुडघ्याखाली पाय काढणं एवढाच उपाय उरला. मी दोघांना समोर बसवून सांगितलं.

"काढा," काकू लगेच म्हणाल्या. "माणूस राहू दे."

काका नडगीवरून हात फिरवत होते. "ताईला विचारावं लागेल."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी ते बोलणं तापाच्या खात्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नर्सनं संमतीपत्र आणून दिलं. काका तापात ग्लानीत होते. काकूंची सही होती.

तिच्याखाली आणखी एक ओळ होती.

अक्षर गोल, शाळेतल्या वहीतल्यासारखं, पण ठाम.

नातं: मोठी बहीण. संमती: नाही.

"दुसरं कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कुणीच नाही, मॅडम. मी तिथेच होते."

मी कागद काकूंना दाखवला. त्यांनी ती ओळ वाचली आणि तो माझ्याकडे परत सरकवला.

ऑपरेशन थिएटर तयार होतं. मी हात धुवायला गेलेच नाही.

"रद्द करा," मी म्हटलं.

नर्सनं पेन उघडलं. "कारण काय लिहू?"

"नातेवाइकांची हरकत."

दुपारी ताप उतरला, तो परत चढला नाही. महिन्याभरात जखम मिटली. काका आता दर तीन महिन्यांनी दाखवायला येतात, नीट चालतात. मी जखमेची खूण पाहते, औषधं लिहून देते आणि पुढची तारीख सांगते.

उठताना ते दर वेळी लाजत, हळूच विचारतात, "एक एक्स-रे काढू या का, डॉक्टर? केवढी झालीये, बघू तरी."