हिरव्याखालचा गंज

"कुणी केलं ते मला ठाऊक आहे. का केलं, तेवढं शोधून द्या."

घड्याळजींनी बुटांच्या खोक्याएवढा डबा टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या अगदी टोकाला टेकले. विमाबाई डब्याकडे न पाहता त्यांच्या हातांकडे पाहत होत्या. चाळीस वर्षं घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारे ते हात अजून डब्याचं झाकण धरून होते.

विमाबाईंनी बावीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेली दुकानं आणि बुडालेली गोदामं तपासली. नोकरी संपली, नाव मात्र चिकटून राहिलं. शेजारी वही उघडून बसलेले मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची टिपणं काढत. अक्षर मोत्यांसारखं आणि डोकं बैलगाडीच्या चालीचं, असं ते स्वतःच सांगत. त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच उरत नसे.

"कुणी केलं?" विमाबाईंनी विचारलं.

"सुनेनं. काल रात्री कबूल केलं. मीही म्हणालो, माहेरी जा. आज संध्याकाळी निघतेय."

"मग कारणही तिलाच विचारायचं," मास्तर म्हणाले.

"राग आला म्हणाली. कसला राग? लग्न होऊन तीन वर्षं झाली, तिचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही. ती जाण्याआधी मला कळलं पाहिजे हो."

"कुणी केलं ते नक्की झाल्याशिवाय, का केलं ते कळत नाही," विमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डबा उघडला.

आत लष्करी रुग्णवाहिका होती, वीतभरही लांब नसेल. डावी बाजू पाहून मास्तरांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. चाकांपासून काचांपर्यंत थापलेला चिखल, त्याला पडलेल्या भेगा, धुराड्याच्या तोंडाशी काजळी, पायरीवर बूट घासून घासून उघडं पडलेलं लोखंड. सगळं प्लास्टिक आणि रंग, पण हात लावला तर बोटं माखतील असं वाटावं.

मग विमाबाईंनी गाडी फिरवली. चालकाच्या बाजूचा चिखल गेला होता आणि त्याबरोबर हिरवा रंगही. दार आणि बॉनेट तांबूस, उघडंबोडकं दिसत होतं. बॉनेटवर मळकट ओघळ सुकले होते. चालकाची खिडकी तेवढी लख्ख होती, आणि खिडकीशेजारी तारेच्या काडीवरचा आरसा जिथल्या तिथे होता.

"माझा मुलगा ही गाडी चालवायचा," घड्याळजी म्हणाले. "आठ महिन्यांपूर्वी घाटात दरड आली ती गाडीवरच. उकरून काढायला दोन दिवस लागले. त्याच्या साहेबांनी फोटो पाठवला. त्यावरून केली मी. सहा महिने लागले. पुढच्या आठवड्यात त्याच्या तुकडीच्या सभागृहात ठेवणार होते."

त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. मास्तरांनी उगाचच वहीचं पान उलटलं.

घड्याळजींचं घर त्यांच्या घड्याळांच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर होतं. मागच्या खोलीत खिडकीला लागून कामाचं टेबल. त्यावर ब्रश, रंगांच्या बाटल्या, थिनरची बरणी आणि गाडी ज्यावर उभी असायची तो तिच्याच मापांचा मोठा कागदी नकाशा. घड्याळजींनी स्वतः निळ्या शाईनं आखलेला. त्याची एकूण एक रेघ ठळक होती. टेबलाखाली प्लास्टिकचा भुगा नाही, कागदाचा कपटा नाही. विमाबाईंनी फरशीवरून बोट फिरवून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही.

"ही खोली कोण झाडतं?"

"कोण म्हणजे? सूनच असणार. बायको इथे पाऊल टाकत नाही. आठ महिन्यांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, ती इथे कशाला येईल?" घड्याळजींचा आवाज कडवट झाला. "मी फौजेत नको म्हणत होतो. जाऊ दे त्याला, हे तीच म्हणाली. तो गेला तेव्हापासून आमचं बोलणं नाही. लागलंच काही तर सून निरोप देते."

"काल गाडी धडधाकट कधी पाहिलीत?"

"पाचला. समोरचे दंतवैद्य आले होते, तेही अशा छोट्या गाड्या बनवतात. ते आणि मी बरोबरच निघालो, दुकानापर्यंत. आठला परत आलो तर हे असं."

"सून?"

"औषधांच्या दुकानात कामाला आहे. साडेसातला येते."

दंतवैद्यांचा दवाखाना समोरच होता. सुट्टीच्या दिवशी रणगाडे रंगवणारा हा गोलमटोल माणूस भलताच बोलका निघाला.

"चिखल जरा जास्त झालाय, असं मी म्हणालो खरा. आता कानाला खडा. पण बाई, मोडायचीच असती तर मी थिनर वापरलं असतं. पाच मिनिटांत प्लास्टिक उघडं! हे पाण्याचं काम आहे."

"पाण्यानं रंग जातो?"

"एरवी नाही जात. पण गाडी जुनी दिसावी म्हणून एक युक्ती करतात. खाली गंजाचा रंग, त्यावर केसांना मारतात तो फवारा, त्यावर हिरवा. मग ओल्या ब्रशनं जरासं घासायचं. फवारा विरघळतो, हिरव्याचा टवका उडतो, खालचा गंज दिसतो. शेवटी वार्निश मारलं की सगळं पक्कं. वार्निशच राहिलं होतं हो! आमच्यातला कुणी त्या गाडीजवळ पाण्याचा थेंब नेणार नाही."

"घरात हे कुणाला माहीत होतं?"

"आम्हा दोघांशिवाय कुणालाच नाही. घड्याळजी घरात बोलतात कुठे?"

सून तिच्या खोलीत बॅग भरत होती. डोळे कोरडे, चेहरा ओढलेला.

"मीच केलं. ग्लासभर पाणी ओतलं गाडीवर," तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं.

"कुठे? मोरीत नेऊन?"

"नाही. टेबलावरच. होती तिथेच."

"आणि मग घासलीस?"

ती गडबडली. "हो... म्हणजे, रंग आपोआपच निघाला." मग घडी केलेली ओढणी तिनं उलगडली आणि पुन्हा तशीच घडी केली. "आईंना काही विचारू नका. त्यांचा काही संबंध नाही."

विमाबाई ताबडतोब आईंना विचारायला गेल्या.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. बोटं झरझर चालत होती. मागोमाग आलेली सून त्यांच्या शेजारी टेकली. शेंगांतून दोन किडके, तांबूस दाणे भांड्यात पडले. सुनेनं ते न बोलता उचलून बाजूला टाकले. थोड्या वेळानं आणखी एक पडला, तोही उचलला.

"गाडी कुणी मोडली असेल, आई?" विमाबाईंनी विचारलं.

"मोडली?" आईंचे हात थांबले. "कोण मोडेल हो? त्याची गाडी कोण मोडेल?"

"नाही मोडली, आई," सून घाईघाईनं म्हणाली. "रंगाचं थोडं काम आहे, म्हणून आल्यात त्या."

"हां." हात पुन्हा चालू लागले. "ही चार दिवस माहेरी जातेय. चार दिवस आमच्या घरात मुक्यांची शाळा."

"डोळ्यांचा त्रास आहे का तुम्हाला?"

"मोतीबिंदू. दोन्हीकडे. वाढलाय म्हणतात. यांना सांगायचं कुणी? ही सांगते म्हणाली, मीच नको म्हटलं. त्यांना आधीच काय कमी आहे?"

विमाबाई उठल्या. मागच्या खोलीत त्यांनी घड्याळजींना, सुनेला आणि मास्तरांना बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"आधी कबुली," त्या म्हणाल्या. "ग्लासभर पाणी या टेबलावर ओतलं असतं तर हा शाईचा नकाशा निळं डबकं झाला असता. एकही रेघ फुटलेली नाही. सून खोटं बोलतेय."

घड्याळजींनी सुनेकडे पाहिलं. ती नकाशाकडे पाहत राहिली.

"दंतवैद्य तुमच्याबरोबरच बाहेर पडले. आणि त्यांना मोडायचीच असती तर थिनर हाताशी होतं. आता गाडी बघा. रागानं मोडणारा आधी नाजूक ते मोडतो. इथे आरशाची काडीसुद्धा वाकलेली नाही. जो हात फिरला तो जपून फिरलाय. चालकाची खिडकी लख्ख आहे, म्हणजे फडका स्वच्छ होता तेव्हा तो आधी तिथे लागला. मग दार. बॉनेटवर मळकट ओघळ आहेत, कारण तोवर फडका माखला होता. घड्याळजी, तुमची गाडी कुणी मोडलेली नाही. पुसली आहे."

"पुसली?"

"चिखल काढत होतं कुणीतरी."

मास्तरांनी डोकं खाजवलं. "पण रंग सुटायला लागल्यावर माणूस थांबेल ना? हिरव्याखालून तांबडं दिसलं की हात आपोआप मागे येईल."

"दिसलं तर येईल, मास्तर. इथे हात मागे आला नाही, उलट जोर वाढत गेला. का? तर पुसणाऱ्याला गंज आणि चिखल यांतला फरक दिसत नव्हता. जितकं पुसावं तितका चिखल वर येतोय असंच वाटत होतं. साडेसातपर्यंत घरात एकच माणूस होतं. किडका दाणा आणि चांगला दाणा त्यांना सारखेच दिसतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्हाला सांगायला कुणी नव्हतं."

घड्याळजींनी गाडी उचलून ती लख्ख खिडकी उजेडाकडे धरली.

"ती इथे येत नाही," घड्याळजी पुटपुटले, पण त्यात आता जोर नव्हता.

"सून सकाळपासून साडेसातपर्यंत कामावर असते. तुम्ही पाचपर्यंत इथे प्लास्टिक घासता, मग दुकानात जाता. आणि ही फरशी बघा."

घड्याळजींनी खाली पाहिलं. सहा महिने ज्या फरशीवर पाय ठेवून ते बसले होते, ती त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

"मी आले तेव्हा आई इथे गाडी मांडीवर घेऊन फडक्यानं पुसत बसल्या होत्या, बाबा," सून हळूच म्हणाली. "म्हणाल्या, किती गं हा चिखल, जातच नाही. रंग गेलाय ते त्यांना अजून माहीत नाही. मी त्यांना आत नेलं, आणि तेवढ्यात तुम्ही आलात."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही त्यांना कधीच माफ केलं नसतं. आता निदान निरोप तरी चालू आहेत तुमचे. तेही बंद झाले असते."

"आणि तू गेल्यावर निरोप कोण नेणार होतं?" विमाबाईंनी विचारलं.

"ते मला सुचलंच नाही," सून म्हणाली.

घड्याळजी उठले. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत शेंगा फुटण्याचा आवाज येत होता.

"तो चिखल पाण्यानं नाही जात," ते म्हणाले.

शेंगांचा आवाज थांबला. आठ महिन्यांनी आलेलं हे वाक्य आपल्यासाठीच आहे याची खात्री करायला आईंना थोडा वेळ लागला असावा.

"मग कशानं जातो?"

"मी काढतो. सगळा काढतो. सभागृहात नाही द्यायची आपण ती."

"खिडकी तेवढी मी मोकळी केलीय," आई म्हणाल्या. "ती तशीच राहू द्या. दोन दिवस आत होता हो तो. वारा तरी लागेल त्याला."

घड्याळजींचा हुंदका मागच्या खोलीपर्यंत ऐकू आला, आणि पाठोपाठ आईंचाही. मास्तरांनी वही मिटली. पुढचं लिहिण्यासारखं नव्हतं.

सून दाराला टेकून उभी होती. आतून आता दोघांचं बोलणं येत होतं. तुटक, रडत रडत, पण एकमेकांशी. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग आपल्याला कुणाला काही सांगायचं उरलं नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि ती तिथेच खाली बसून ओंजळीत तोंड घालून रडू लागली.

आठ महिने ती या घरातली कामं करत होती, निरोप पोचवत होती, दाणे निवडत होती. नवरा तिचाही गेला होता, पण हे तिला विचारायला कुणाला सवडच झाली नव्हती. विमाबाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"कसा होता गं तो?" त्यांनी विचारलं.