अवनीचं थर्मामीटर

ही घटना खरी आहे. खोटी वाटली तर आर. के. पुरमला माझ्या नंदाताईच्या क्वार्टरमध्ये या. ती वस्तू अजून कपाटात आहे.

१४ एप्रिल. भर दुपारी एक वाजता.

ताईच्या सात वर्षांच्या समताला ब्लड कॅन्सर. केमो चालू. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप आला की तासाभरात हॉस्पिटल गाठा. घरी तापाची गोळी अजिबात द्यायची नाही. ताप लपतो आणि मूल हातचं जातं.

केमोला शेजारच्या बेडवर असायची ती अवनी फेब्रुवारीत गेली. "ताप अचानक चढला हो," एवढंच तिची आई सांगायची. तिनेच अवनीचं थर्मामीटर ताईला दिलं. ताईला ते वापरवेना. सेल काढून तिने ते कपाटात ठेवून दिलं.

जयंतीची मिरवणूक लांबून, गाडीत बसून बघायची ठरली होती. समताचा ताप बघितला. ९८.४. ताई निघायला उठली.

तेवढ्यात कपाटातून आवाज आला...

टीं... टीं... टीं...

ताईने कपाट उघडलं. सेल नसलेलं थर्मामीटर वाजत होतं. त्यावर आकडा होता... १०३.

"आई," समता रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "अवनी खूप चिडलीय. म्हणते, तिच्या बाबांनीपण तिला हीच गोळी दिली होती."

"कुठली गोळी?"

अतुल भावोजींचा चेहरा पडला.

"अगं, सकाळी जरासं अंग गरम होतं... वर्षभर घरात कोंडलीय यार. म्हटलं, एकदा मिरवणूक बघू दे..."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जीव घेशील पोरीचा! चावी दे इकडे!"

हॉस्पिटलमध्ये कळलं, पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. संध्याकाळी ताप चढला. १०३. पण तोवर सलाइनमधून औषध सुरू झालं होतं. समता वाचली.

ताई भावोजींशी अजून धड बोलत नाही. मी तर म्हणते, बोलूच नये.

परवा दुपारी एकला मुनिरकाहून फोन आला. अवनीचे बाबा, परीक्षित.

"वहिनी... ते थर्मामीटर बंद करा ना. रोज इथे ऐकू येतं. फक्त मलाच."

ताई कडाडली, "अवनीच्या आईला गोळीचं सांगितलंत का?"

पलीकडून फोन कट.

कपाटात मात्र आवाज सुरू झाला होता...

त्याचा सेल ड्रॉवरमध्येच आहे. मी स्वतः बघितलाय.