झाडांचे हात

गोटीचा डबा घरी राहिला म्हणून मी शाळेत गेले आणि गाण्याच्या सरांच्या तावडीत सापडले. गोटी म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी. मी जिना चढत होते, सर उतरत होते. त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या टेपवर खिळली.

"तुम्ही शिवता?"

"शिवते की."

"सुटलो बुवा! आमच्या संगीतनाटकात अख्खं जंगल आहे, आणि झाडांना कपडेच नाहीत."

आता खरं तर तिथेच सांगायला हवं होतं, की मी सोफ्यांची कव्हरं आणि पडदे शिवते. पण सर बोलताना कपाळावरचे केस मागे सारत होते, आणि केस काही त्यांचं ऐकत नव्हते... माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय मोठंसं! देते शिवून."

"ताठ उभं राहायचं, हात खाली, हलायचं नाही," असा दम देऊन मी एकेका पोराचं माप घेतलं. कव्हरला सुरकुती पडलेली मला खपत नाही. तपकिरी कापडाचे पायघोळ अंगरखे असे चापूनचोपून बसवले, की मीच माझ्या हातावर खूश! सर रोज काहीतरी निमित्त काढून माझ्या दुकानात डोकावायचे.

"झाडं कशी आहेत?"

"वाढताहेत."

"आणि माळीणबाई?"

"माळीणबाई कामात आहेत. तुम्ही निघा."

निघायचे नाहीत. आणि मलाही ते निघायला नकोच असायचे.

नाटकाच्या दिवशी सकाळी रंगीत तालीम झाली. वाऱ्याचं गाणं सुरू झालं. आता सगळ्या झाडांनी हात वर करायचे होते. हात कसेबसे छातीपर्यंत आले आणि अडकले. एका झाडाने जोर लावला — टर्र! बाकीची झाडं हसून हसून आडवी झाली, आणि आडवी झाल्यावर त्यांना उठता येईना.

मी धावत रंगमंचावर गेले.

"सर... मी सोफ्याची कव्हरं शिवते. सोफा कधी हात वर करत नाही हो!"

मला वाटलं, आता सर ओरडतील. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि रंगमंचावरच मांडी घातली. "कुठून उसवायचं, तेवढं दाखवा."

मग दिवसभर ते काखा उसवत होते आणि मी तिथे तिकोनी तुकडे जोडत होते. तपकिरी कापड केव्हाच संपलं होतं. हाताशी होतं ते एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांतून उरलेलं, भडक पिवळं.

"ठिगळं दिसतील," मी म्हटलं. "मला हसले तर हसू देत. पण पोरांना हसले तर? गोटी सगळ्यांच्या पुढे उभी असते, सर. आरशासमोर उभं राहून राहून गाणं पाठ केलंय तिने..."

"गोटी गात असताना लोक तिच्या काखेत बघतील?"

"तुम्ही चुकीची शिवण उसवताय."

"अरेच्चा—" आणि त्यांनी बोटात कात्री टोचून घेतली. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. जखम एवढीशी होती. बघायला जरा जास्तच वेळ लागला.

संध्याकाळी मी ताईशेजारी जीव मुठीत धरून बसले. सभागृह आईबापांनी गच्च भरलं होतं. पडदा सरकला आणि जंगल दिसलं — ताठ, तपकिरी, गंभीर. गोटी एक पाऊल पुढे आली. सरांची बोटं पियानोवर पडली.

*वाऱ्या वाऱ्या, हळूच ये,*
*पानाला माझ्या नाव दे...*

केवढासा तो जीव, आणि केवढा तो आवाज! गाता गाता तिने हात उचलले. तपकिरी बुंध्यातून पिवळंधम्मक काहीतरी उघडलं. तिच्या शेजारच्या झाडाने हात उचलले, मग त्याच्या शेजारच्याने... ओळीच्या ओळ उमलत गेली. झाडांना बहर आला होता! सभागृहातून एक लांबलचक "आहा" उठला.

मी सरांकडे बघितलं, तर ते माझ्याकडे बघत होते. माझ्याकडेच! आणि त्यांची बोटं पियानोवर चक्क थांबली होती.

पण गोटी थांबली नाही. तिने मान वर केली आणि गात राहिली. मागची झाडंही गात राहिली, पियानोविना, एका सुरात. सर भानावर आले आणि त्यांना त्या पोरांच्या मागून धावावं लागलं. माझा ऊर असा भरून आला की टाळ्या वाजवायचंही सुचेना.

मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "फुलांची काय कल्पना आहे हो! कुणाची असेल?"

"माझ्या धाकट्या बहिणीची," ताई वळून म्हणाली. चांगली चार रांगांना ऐकू जाईल अशी. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

नाटक संपल्यावर गोटी धावत येऊन माझ्या कमरेला बिलगली. तिच्यामागून सर आले. केस कपाळावर, कान लाल.

"मध्येच थांबलात," मी म्हटलं.

"झाडं बघत होतो."

"झाडं त्या बाजूला होती."

सर हसले. मग हसायचे थांबले.

"सगळे विचारताहेत, ही कल्पना कुणाची..."

"कल्पना कसली, चूक होती ती. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. उसवायला शेजारी मीच होतो." त्यांनी ताईकडे पाहिलं, गोटीकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या पुढच्या चुकीलाही मला शेजारीच बसायचंय. आणि तिच्या पुढच्या चुकीलाही."



"माझ्या खूप चुका होतात..." मी कशीबशी म्हणाले.

"मग तर बरंच."

"मावशी," गोटीने माझी ओढणी ओढली, "तू रडतेस का हसतेस?"

मी सरांचा टोचलेला हात धरला, सगळ्यांदेखत, आणि या वेळी बघायला नाही.