परक्या पोरांसाठी मिस्सा

सायकल वळली नाही, मास्तर मात्र वळले... थेट सुझानच्या वलांडीवर! बांबूवर वाळत घातलेले बोंबील, मास्तर आणि सायकल, सगळे एकदमच वाळूत लोळले.

"अगं बाय! हा कुठला मासा लागला?" सुझान कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"सिप्रियन मास्तर, पापडीहून आलोय," कानावरचा बोंबील काढत ते म्हणाले. "चर्चच्या सभागृहात बायकांचा साक्षरता वर्ग काढलाय... तुम्ही याल?"

"आधी बोंबील उचला. मंग बघू."

त्यांनी एकूण एक बोंबील उचलला. मग काय, ती गेली.

साल एकोणीसशे एक्कावन्न. पाचूबंदर कोळीवाड्यातल्या बायका बाजार आटोपून दुपारी पाटी घेऊन बसत. अक्षरं ओळखीची झाली तसे मास्तर गोष्टी सांगू लागले. एकदा स्पेनची सांगितली. तिथे देशातल्या देशात लढाई पेटली, तेव्हा परमुलखातली हजारो पोरं आपणहून लढायला गेली. कितीतरी तिथेच पडली.

"त्यांना कोनी बोलावलं?" सुझानने विचारलं.

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले... जरा जास्तच वेळ. "दुसऱ्याचं दुःख बघवलं नाही, म्हणून गेली."

"मास्तर, फळा तिकडं हाय," मागून कार्मिनमावशी म्हणाली. वर्ग खिदळला. सुझानने पाटीआड तोंड लपवलं.

नोव्हेंबर लागला, मृतांचा महिना. आपल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून चर्चच्या पेटीत टाकायची, मग त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना व्हायची, अशी रीत. सुझानने आयुष्यातली पहिली चिठ्ठी लिहिली — 'स्पेनात मेलेली परकी पोरं. त्यांना कोन नाय.'

फादरांनी मास्तरांना बोलावल्याचं कळलं, तशी ती धावत सुटली. दारातच फादरांचा आवाज कानी पडला.

"ही पोरं ज्या बाजूने लढली, त्या बाजूने तिथली चर्चं जाळली! त्यांच्यासाठी मिस्सा? उद्यापासून वर्ग बंद!"

वर्ग बंद, म्हणजे पापडीहून येणारी ती सायकल या वाळूत पुन्हा यायची नाही... सुझानने पदर खोचला. ती आत घुसली.

"फादर, चिठ्ठी माझी. गेल्या वादळात अर्नाळ्याची होडी बुडत होती. आमचे गडी वाचवाया गेले तेव्हा कोनी इचारलं का, आतले कोनाच्या बाजूचे म्हनून?"

फादरांनी चिठ्ठी पुन्हा उलगडली.

"अक्षर बरं आलंय," ते म्हणाले. "रविवारी मिस्सा होईल. दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी. आणि मास्तर, पुढच्या बाकावर बसायचं! वर्ग चालू दे."

बाहेर लख्ख ऊन होतं. मास्तर सायकल हातात धरून चालत होते, शेजारून सुझान. तिची वलांडी जवळ आली.

"सुझान... दुसऱ्याच्या लढाईत कशाला उडी घेतलीस?"

"दुसऱ्याच्या?" ती थांबली. "कोन म्हनते दुसऱ्याची?"

मास्तरांच्या हातून सायकल सुटली — पुन्हा बोंबलांवरच!

"उचला," सुझान लाजत हसली. "सवय करून घ्या... आता जल्मभर उचलायचेत."