सावकाश वाळणारं तेल

तेल विकत घ्यायचं आणि दुकानातच काचेच्या तुकड्यावर वाळत घालायचं... असलं गिऱ्हाईक शिवांजलीनं घाटनांदूरच्या आपल्या घाण्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"खायला न्हाई का?" तिनं विचारलं.

"रंगात घालायला. इथल्या देवळासाठी पार्वतीचं चित्र काढतोय." आदिनाथ बीडचा चित्रकार. "जवसाचं लवकर वाळतं, करडईचं सावकाश. मला जवसाचं द्या. एक थर वाळल्याबिगर दुसरा देता येत न्हाई."

मग पिशवीतून पुस्तक निघालं. बुगरो नावाचा जुना फ्रेंच चित्रकार म्हणजे आदिनाथचा देवच. देवी असो की मेंढ्या राखणारी पोर, दोघींना तो सारखाच जीव लावायचा आणि कुंचल्याचा एक फटकारा दिसू द्यायचा नाही. शिवांजली वाकून बघत राहिली.

"मेंढ्या राखती, अन् अनवाणी पायाला धूळ कशी न्हाई? तुमच्या बुगरोबुवांनी रानात पोरींचे पाय बघितले व्हते का कदी?"

आदिनाथला हसू आवरेना. त्यानंतर तो दर आठवड्याला येऊ लागला. मोठी बाटली न्या म्हटलं तर ऐकायचा नाही.

"हा शेवटचा थर," एके दिवशी तो म्हणाला. "वाळला की चित्र देवळात लागंल. मग मी पुण्याला... कॉलेजात नोकरी लागलीय."

शिवांजली जवसाच्या डब्यापाशी जाऊन थबकली. तिनं बाटली भरली, पण पलीकडच्या डब्यातून. करडईच्या.

पंधरा दिवस झाले तरी रंग ओलाच. देवळाची मंडळी आदिनाथला बोल लावू लागली आणि इकडे तिला घास गिळवेना. आपल्यापायी त्याचं नाव खराब होतंय, हे तिला सोसत नव्हतं. तो रिकामी बाटली घेऊन आला, तेव्हा तिनं मान खाली घालून जवसाचा डबा पुढं ओढला.

"त्यातलं नको," आदिनाथ म्हणाला. "मागच्या बारीला दिलं तेच द्या."

तिचे कान तापले. "तुमाला... कवा कळलं?"

"बाटली उघडली तवाच. वासावरून."

"मग लावलं कावून? लोक नावं ठेवत्यात तुमाला."

"ठेवू द्या. शिवरात्रीपर्यंत वाळंल ते." त्यानं बाटली तिच्या हातात दिली, पण हात मागं घेतला नाही. "पुण्याला नकार कळवलाय कालच. मला तुमच्यापासून लांब जायचं न्हाई, शिवांजली."

आतून तिच्या वडिलांची, वीरभद्रआप्पांची हाक आली. "कोण हाय गं?"

"नेहमीचं गिऱ्हाईक हाय, आप्पा." तिनं करडईचा डबा कलता केला. "या की बाहेर... त्यास्नी तुमच्याशी बोलायचंय."