सदतीस नंबरचा दगड

"हलू नका! तो पाय... वरच ठेवा!"

दीपगृहाकडे निघालेला माणूस जागच्या जागी थबकला. उजवा पाय हवेत, हातात अवजारांची पेटी, आणि समोर उतारावर पालथी पडलेली एक मुलगी. तिच्या केसांत गवत आणि गालावर चिखल.

"खाली काय आहे?" त्याने डोलत विचारलं.

"एक बाप आहे. अंडी राखत बसलाय."

तिने मोजपट्टी लावली, फोटो काढला, वहीत आकडा लिहिला आणि चपटा दगड त्याच्या मातीतल्या खाचेत जसाच्या तसा परत बसवला. चार मिनिटं तरी गेली असतील. मान वर करून बघते तो काय, हा बाबा अजून एका पायावर उभा! तिला इतकं हसू आलं की हातातली पेन्सिल घरंगळत पार खाली गेली. तो मुकाट्याने खाली उतरला आणि पेन्सिल घेऊन आला.

त्या बेटावर कुणाला प्रेमात पडायचंच असेल, तर निवडीला फारसा वाव नव्हता. माणसं दोनच. ती बेडूक मोजायला आलेली, म्हणून बोटवाले काका तिला बेडूकबाई म्हणायचे. आणि हा मिस्त्री, दीपगृहाचा जुना दिवा काढून सौर पॅनलवरचा नवा बसवायला चाळीस दिवसांसाठी आलेला. खोल्या दोन होत्या, पण किटली एकच. त्यामुळे चहाला कुणी कुणाला बोलवायचं हा प्रश्नच आला नाही.

"एवढे बेडूक, मग आवाज कसा नाही?" तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं.

"ही जात ओरडतच नाही. गळ्यात फुगा नाही, हाक नाही. शेपटीवाली पिल्लंही नाहीत. अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक निघतो आणि बापाच्या पाठीवर चढून बसतो."

"आणि आई?"

"आई मोकळी! आहे की नाही शहाणी जात?" ती रंगात आली. "आणि एकदा जागा धरली की जन्मभर तीच. माझा सदतीस नंबर एकतीस वर्षं एकाच कोपरा तुटलेल्या दगडाखाली आहे. माझ्या आधी चार जणांनी मोजलाय त्याला."

मिस्त्रीने हातातला कप फिरवला. "पण हाक मारली नाही, तर... तिला कळतं कसं?"

"वासाने, असं वाटतं. आणि मुख्य म्हणजे, तो जवळपास असतो."

"सोयीचं आहे," तो म्हणाला आणि कप विसळायला उठला.

तो स्वतःही त्याच जातीतला होता. शब्द तोलूनमापून काढायचा. पण तिच्या टॉर्चचा सैल झालेला खटका न सांगता दुरुस्त व्हायचा, आणि ती उतारावर घसरून गुडघा फोडून आली, तेव्हा पट्टी त्यानेच बांधली.

"तिथे बेडकांशिवाय कुणी आहे का गं?" आईने फोनवर विचारलं.

"एक मिस्त्री आहे."

"बोलतो का?"

"बेडकापेक्षा जरा जास्त."

"तुझ्या बाबांना तोंड उघडायला दोन वर्षं लागली. तेवढ्यात माझ्या सायकलची चेन बारा वेळा बसवली त्यांनी!"

तिच्याकडे दोन वर्षं नव्हती. चाळिसावा दिवस उजाडला, दुपारी बोट येणार होती आणि मिस्त्री जाणार होता. तो तिला आवडत होता, अगदी मनापासून. आणि त्याच्या मनात काय आहे, ते तोच जाणे.

तोंड फुगवूनच ती, गुडघा फुटल्यापासून पहिल्यांदाच, उताराकडे निघाली आणि थांबली. जिथे ती घसरली होती, तिथून वरपर्यंत चौदा पायऱ्या! चपट्या दगडांच्या, नीट ठोकून बसवलेल्या. तिला एकदम भरून आलं. चढताना तिने पाऊलसुद्धा हळू टाकलं.

मग नववी पायरी. एक कोपरा तुटलेला दगड...

ती वर धावली. सदतीस नंबरच्या जागी नुसती ओली खाच होती.

"मिस्त्री!"

तो पेटी टाकून पळत आला. नंबर दगडांवर नव्हते, सगळे तिच्या वहीत होते. त्याला कळणार तरी कसं?

"परवा उचलला," त्याचा चेहरा पडला. "खाली बघितलं होतं मी. नुसती माती दिसली."

"तो मातीच्याच रंगाचा आहे हो! अंडी होती त्याच्याजवळ..."

दोघं गुडघ्यांवर बसले. धुक्यामुळे बेडूक सुकला नसेल, तेवढीच आशा. गवताचं एकेक पातं बाजूला करत ती शोधत होती. अखेर त्यानेच तिच्या मनगटाला हळूच हात लावला.

खाचेपासून वीतभर अंतरावर, एका मुळाखाली, सदतीस नंबर बसला होता. छप्पर गेलं तरी म्हाताऱ्याने जागा सोडली नव्हती. आणि त्याच्या पाठीवर दाटीवाटीने चढलेली नखाएवढी पिल्लं.

तिच्या जिवात जीव आला. मग ती रडली, मग हसली, आणि मग तिला एक शंका आली.

"चौदा पायऱ्या करायला वेळ कुठून मिळाला? दिव्याचं काम तर आज संपतंय ना?"

चोराच्या मनात चांदणं. मिस्त्री गवताकडे बघायला लागला.

"नवा दिवा... बारा दिवसांपूर्वीच तयार झाला. मी जुनाच लावत होतो."

"मग बारा दिवस इथे काय करत होता?"

"जवळपास होतो," तो म्हणाला.

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पण एवढ्यावर सोडेल तर ती बेडूकबाई कसली!

"बेडकाला ओरडता येत नाही, ते समजू शकते मी. तुम्हाला गळा आहे ना?"

"मला... तुम्ही आवडता." "जायचं नाहीये मला."

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. त्याने नववी पायरी उपसली, दगड वर आणला आणि तिने तो त्याच्या खाचेत अलगद टेकवला. खाली उतरताना दहावीनंतर मोठी खोबण लागली. तो आधी पलीकडे गेला आणि त्याने हात पुढे केला. तिने तो धरला तो थेट धक्क्यापर्यंत.

"काय मिस्त्री, बसताय ना?" काकांनी विचारलं.

"नाही येत ते!" तीच ओरडली. "त्यांची एक पायरी राहिलीय!"

पुढे तो कामावर गेला आणि दर शुक्रवारच्या बोटीने येत राहिला. दोघांचं लग्न झालं, सदतीस नंबरला त्याच दगडाखाली पस्तीस वर्षं झाली. त्या उतारावर पायऱ्या मात्र अजून तेराच आहेत, आणि आठवीपाशी आली की ती अजूनही थांबून हात पुढे करते.